शोकाच्या घरचे गाणे : वऱ्हाडाची एक परंपरा

वऱ्हाडातल्या वारकरी घरात माणूस गेला की दोन आवाज ऐकू येतात. पहिला बायकांच्या हेल काढून रडण्याचा. गेलेल्याचे नाते पुकारत, त्याच्या आठवणी सांगत, सूर वर नेऊन सावकाश खाली सोडायचा अशी ही रीत. तिच्यात हुंदक्याला शब्द असतो आणि शब्दाला चढउतार. दुसरा आवाज टाळांचा. गावातली भजनी मंडळी बोलावण्याची वाट पाहत नाहीत. वीणा, पखवाज आणि टाळ घेऊन ती दारात उभी राहतात, प्रेतयात्रेपुढे अभंग म्हणत चालतात, आणि पुढे दहाव्याला, तेरवीला, वर्षश्राद्धाला पुन्हा येतात. पहिल्या आवाजात दुःख मोकळे होते. दुसऱ्यात त्याला ताल सापडतो आणि चार माणसांची सोबत मिळते. वऱ्हाडातल्या गाण्याचा बराचसा इतिहास या दोन आवाजांच्या मधल्या जागेत घडला, आणि रागसंगीतही इथे त्याच वाटेने आले.

अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम आणि यवतमाळ हे पाच जिल्हे म्हणजे आजचा वऱ्हाड. ग्वाल्हेर, बडोदे किंवा कोल्हापूर या संस्थानांत गवयांना जसा राजाश्रय मिळाला तसा तो या भागाला लाभला नाही. अचलपूरला एकेकाळी इमादशाहीची राजधानी होती. पण ख्यालगायकीची घराणी आकार घेत होती त्या काळात तिथले वैभव ओसरलेले होते. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती दिला आणि १९०३ मध्ये हा मुलूख मध्य प्रांताला जोडला गेला. मालकी एकाची, कारभार दुसऱ्याचा आणि राहणारा राजा कोणीच नाही, अशा प्रदेशात गवयाला वर्षासन कोण देणार? वऱ्हाडच्या नावाचे घराणे झाले नाही, याचे मुख्य कारण हेच.

त्यामुळे वऱ्हाडी माणसाची रागाशी ओळख झाली ती कीर्तनकाराच्या गळ्यातून आणि नाटक कंपनीच्या रंगमंचावरून. काकड्याच्या वेळी भैरव-भैरवीच्या अंगाने जाणाऱ्या चाली, सांजवेळी यमन आणि भूप, रात्र चढली की मालकंस. टाळकऱ्याला रागाचे नाव ठाऊक नसेल, पण चाल अवेळी लागली तर त्याचा हात टाळावर अडखळतो. या वाटेने येण्यात एक उणेही राहिले. दोन-दोन तास एकच राग उलगडत नेणाऱ्या मैफलीची सवय इथे शहरांपलीकडे फारशी रुजली नाही. मिळाले ते असे की गाणे दिवाणखान्यात बसून राहिले नाही. जन्म, लग्न, वारी, दुष्काळ आणि मरण या सगळ्यांत ते माणसांबरोबर चालले.

दुःख आणि सूर यांच्या नात्याचा विचार मात्र भारतीय परंपरेत फार जुना आहे, आणि त्यातही विदर्भाचे नाव पुन्हा पुन्हा येते. भरताच्या नाट्यशास्त्रात सात स्वरांची रसांशी सांगड घातलेली आहे. गंधार आणि निषाद हे स्वर तिथे करुणाला दिले आहेत. कालिदासाच्या रघुवंशातल्या आठव्या सर्गात जिच्या मृत्यूने अज राजा कोसळतो ती इंदुमती विदर्भाची राजकन्या. हा सर्ग ज्या वृत्तात रचला आहे त्याला पुढे वियोगिनी हेच नाव पडले. शोकाला स्वतःचा छंद असतो, ही समजूत त्या नावातच दिसते. आठव्या शतकातला भवभूती तर विदर्भातल्या पद्मपूरचा. उत्तररामचरितात त्याने करुणालाच मूळ रस मानून बाकीच्या रसांना त्याची बदलती रूपे ठरवले. बहुतेक काव्यशास्त्रकारांनी शृंगाराला पहिला मान दिला, त्या पार्श्वभूमीवर हे मत धाडसाचे होते. शोक ही टाळण्याची गोष्ट नसून कलेचा उगम तिथेच आहे, असे म्हणणारा कवी विदर्भाच्या मातीतून यावा, हा योगायोग असला तरी पुढचा इतिहास पाहताना तो आठवतो.

मराठीपुरते बोलायचे तर या परंपरेचा पहिला ठळक पुरावा अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला मिळतो. तेराव्या शतकात गोविंदप्रभूंच्या वास्तव्याने हे गाव महानुभाव पंथाचे केंद्र झाले. मराठीची आद्य कवयित्री मानली जाणारी महदाइसा तिथेच गायली. गोविंदप्रभूंच्या लीलेतल्या लग्नप्रसंगी तिने जे धवळे म्हटले त्यांचा विषय रुक्मिणीस्वयंवर हा होता, आणि रुक्मिणीचे माहेर मानले गेलेले कौंडण्यपूर याच जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी आहे. महदाइसा बालविधवा होती. ज्या समाजात विधवेला मंगलकार्यात मागे ठेवले जाई, तिथे एका विधवेने लग्नाची गाणी रचावीत, ती सर्वांसमोर म्हणावीत आणि ती मराठी काव्याच्या आरंभाशी जाऊन बसावीत, ही लहान घटना नाही. आयुष्याने जे हिरावून घेतले होते त्याचेच गाणे तिने केले.

याच रिद्धपुरात आणखी एक गोष्ट घडली. पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी उत्तरापंथे निघून गेल्यावर मागे राहिलेल्या शिष्यांनी त्यांच्या आठवणी गोळा करायला सुरुवात केली. म्हाइंभटाने गावोगाव फिरून, ज्यांनी ज्यांनी काही पाहिले-ऐकले त्यांना विचारून, १२७८च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध केले. मराठीतला हा आद्य गद्यग्रंथ विरहातून जन्मला. गेलेल्याचे नाव, त्याचे चालणे-बोलणे आणि त्याचा प्रत्येक प्रसंग पुन्हा पुन्हा स्मरणे हे महानुभावांनी साधनेचेच अंग मानले. वऱ्हाडातल्या बाया रडताना आठवणींचा जो पाढा म्हणतात, त्याचे हे ग्रंथरूप म्हणता येईल.

मधल्या शतकांत वारकरी संप्रदाय वऱ्हाडभर पसरला. कौंडण्यपूरहून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाऊ लागली. भजन ही गावाची संस्था झाली. तिची खरी कसोटी लागली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पाठोपाठ पडले. १८९१च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २८ लाख ९७ हजार होती. १९०१ मध्ये ती २७ लाख ५४ हजारांवर आली. दहा वर्षांत वाढ व्हायची ती दूरच, जवळजवळ दीड लाख माणसे कमी झाली. त्यापुढे प्लेग आला, आणि १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या साथीने तर मध्य प्रांत व वऱ्हाड हा देशातल्या सर्वांत होरपळलेल्या भागांपैकी एक ठरला. त्या पिढीच्या कीर्तनाला बसलेल्या गर्दीत घरचे कोणी न गमावलेला माणूस विरळाच असेल. वऱ्हाडात या काळात उभे राहिलेले गाणे कळण्यासाठी ही गर्दी डोळ्यांपुढे ठेवावी लागते.

गुलाबराव महाराज हे त्या काळातले पहिले नाव. १८८१ मध्ये अमरावती जिल्ह्यात त्यांचा जन्म झाला. माधान हे त्यांचे गाव. नवव्या महिन्यात दृष्टी गेली आणि चौथ्या वर्षी आई. १९१५ मध्ये ते गेले तेव्हा त्यांचे वय अवघे ३४ होते. एवढ्या अवधीत, इतरांकडून ग्रंथ वाचून घेत आणि इतरांकडून लिहवून घेत, त्यांनी वेदान्तापासून संगीतापर्यंत ग्रंथरचना केली आणि पदेही पुष्कळ रचली. ते स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या आणि कृष्णाची पत्नी मानत. मधुराद्वैत हे त्यांच्या विचाराचे नाव. त्यांच्या पदांमधला विरह हा केवळ काव्यातला संकेत नव्हता. जग कानांनीच भेटलेल्या माणसाला सूर म्हणजे स्पर्श आणि दर्शन दोन्ही. डोळे आणि आई एकाच बालपणात गमावलेल्या या पुरुषाने ज्ञानेश्वरांना आई-बाप केले, आणि त्या नात्याला पदांतून बोलते केले.

गाडगेबाबांचे कीर्तन शास्त्रीय नव्हते, आणि ते तसे असल्याचा दावा त्यांनी कधी केला नाही. १८७६ मध्ये शेणगावला परीट कुटुंबात जन्मलेल्या या माणसाचे वडील लहानपणीच गेले आणि त्याचे बालपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाच्या घरी गुरे राखण्यात गेले. त्यांच्या कीर्तनात पूर्वरंग-उत्तररंगाची रचना नसे, रागदारीची तान नसे. गोपालाच्या नामाचा गजर, टाळ्यांचा ठेका आणि श्रोत्यांना विचारलेले प्रश्न. तरीही त्यांचा उल्लेख इथे टाळता येत नाही, कारण शोक आणि गाणे यांच्याबद्दलची वऱ्हाडातली सर्वांत प्रसिद्ध कथा त्यांचीच आहे. १९२३ मध्ये कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना त्यांना मुलगा गोविंदा गेल्याचे कळले. क्षणभर थांबून त्यांनी कीर्तन पुढे चालू ठेवले, आणि जगात रोज कितीतरी माणसे जातात, त्यात एकासाठी काय रडायचे, अशा अर्थाचे बोल त्यांच्या तोंडून निघाले. ही कथा बहुधा वैराग्याचा नमुना म्हणून सांगितली जाते. तिची दुसरी बाजूही पाहण्याजोगी आहे. बाप म्हणून कोसळण्याच्या क्षणी त्या माणसाभोवती शेकडो माणसे टाळ्यांचा ठेका धरून होती. एरवी इतरांना त्यांनी जो आधार दिला तोच त्या रात्री त्यांना मिळाला.

गाडगेबाबांचे शेवटचे कीर्तन ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्याच्या आवारात झाले. ते ध्वनिमुद्रित झाले, म्हणून आजही ऐकता येते. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीला नेत असताना वलगावजवळ, पेढी नदीच्या काठी, त्यांचे प्राण गेले.

दरम्यान शहरांत गाण्याची दुसरी वाट तयार होत होती. १८६७ मध्ये भुसावळहून निघालेला लोहमार्ग नागपूरला पोचला, आणि अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही स्थानके कापसाच्या व्यापाराची नाकी झाली. कापसाच्या पैशाने अमरावती, अकोला आणि खामगावला वकील, व्यापारी, जिनिंगचे मालक असा नवा वर्ग उभा केला, आणि रेल्वेने नाटक कंपन्या त्यांच्या दारात आणल्या. संगीत नाटकाच्या वेडाने वऱ्हाडला झपाटले ते या दिवसांत. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर अकोला, खामगाव आणि जळगाव-जामोद इथे वकिली करत नाटके लिहीत राहिले. वीरतनय (१८९६) आणि मूकनायक (१९०१) यांतून त्यांनी पारशी रंगभूमीच्या धर्तीच्या नव्या चाली मराठी रंगभूमीवर आणल्या. १९०५ मध्ये भरलेल्या पहिल्या मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष अमरावतीचे दादासाहेब खापर्डे होते. अमरावतीच्याच वीर वामनराव जोशी यांचे रणदुंदुभी १९२७ मध्ये दीनानाथ मंगेशकरांच्या बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले, आणि वझेबुवांच्या चालींतली त्यातली पदे पारतंत्र्याचे दुःख सांगण्यासाठी घरोघरी म्हटली जाऊ लागली. एका देशाचे गमावणे गाण्यातून व्यक्त व्हावे, हा या परंपरेला मिळालेला नवा अर्थ होता.

रंगभूमीकडेही गाडगेबाबांच्या कथेसारखी एक कथा आहे. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत मानापमानचा पहिला प्रयोग होता, त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली, आणि तरीही त्या रात्री ते रंगमंचावर उभे राहून गायले. महाराष्ट्राने या गोष्टीचे पोवाडे केले. दोन कथांमध्ये फरक मात्र मोठा आहे. रंगभूमीवरच्या गायकाला आपले दुःख प्रेक्षकांपासून लपवून शृंगाराचे पद म्हणावे लागले. कीर्तनातल्या माणसाचे दुःख सगळ्यांना कळले होते, आणि तो गात होता त्याच विषयावर. पहिल्या प्रसंगात गाणे हे कर्तव्य होते. दुसऱ्यात ते सांत्वन होते. दोन्हींना एकाच मापाने धैर्य म्हटले, तर गाण्याचे हे दुसरे काम नजरेआड होते.

हे दुसरे काम सर्वांत व्यापक प्रमाणावर केले ते तुकडोजी महाराजांनी. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला ३० एप्रिल १९०९ रोजी जन्मलेल्या माणिक इंगळे या मुलाला वरखेडच्या आडकोजी महाराजांनी तुकड्या हे नाव दिले. त्यांचे वाद्य खंजेरी. हातात मावणारे, चामड्याने मढवलेले, झांजा लावलेले हे कडे कोणाही गरिबाला परवडणारे होते. तंबोरा जुळवायला, पेटी घ्यायला पैसा आणि शिक्षण लागते. खंजेरीला मनगट लागते. चाली रागांच्या अंगाने जाणाऱ्या, पण पहिल्याच आवर्तनात ध्रुपद धरता यावे इतक्या सोप्या. हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत पदे. १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला, १९४२च्या लढ्यात त्यांना नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत ठेवले गेले, आणि ५० च्या दशकात ४१ अध्यायांची ग्रामगीता आली. तिच्यात भजनाच्या प्रभावाला स्वतंत्र अध्याय आहे, ही गोष्ट इथे महत्त्वाची.

सामुदायिक प्रार्थना ही त्यांची सर्वांत टिकलेली रचना. रोज मावळतीला गावातल्या सगळ्या जातींच्या माणसांनी ओळीने बसावे, ठरलेल्या चालीत ठरलेल्या प्रार्थना म्हणाव्यात, थोडा वेळ मौन पाळावे आणि भजनाने उठावे. घरात मरण झालेल्या माणसासाठी या शिस्तीचा उपयोग वेगळाच असतो. सुतकातल्या दिवसांत सगळ्यात जड जाते ती दिवेलागण. गेलेला माणूस याच वेळी शेतातून किंवा कामावरून घरी यायचा. नेमकी तीच वेळ प्रार्थनेची आहे. तिथे जाऊन बसणाऱ्याला काही सांगावे लागत नाही, कोणी काही विचारतही नाही. चाल पाठ असल्याने तोंड आपोआप चालते, आणि शेजारच्याचा आवाज आपल्या आवाजाला धरून ठेवतो. सांत्वनाचे शब्द सुचत नाहीत अशा वेळी गाव एवढे नक्की करू शकते.

तुकडोजींच्या चळवळीने भजन गावोगाव नेले, त्याच काळात वऱ्हाडात जन्मलेल्या एका मुलाने दुसऱ्या टोकाची, रागसंगीताची वाट धरली. वसंतराव देशपांडे २ मे १९२० रोजी मूर्तिजापूरला जन्मले. वडिलांच्या आधाराविना, आईने एकटीने त्यांना नागपुरात वाढवले. शंकरराव सप्रे यांच्याकडे शिक्षण सुरू झाले. १९३५च्या कालिया मर्दन या चित्रपटात त्यांनी बाळकृष्णाची भूमिका केली. दीनानाथ मंगेशकरांनी त्यांच्यातली चमक ओळखली. पुढे सुरेशबाबू माने, अमान अली खाँ अशा वेगवेगळ्या घराण्यांच्या गुरूंकडून त्यांनी विद्या गोळा केली. पण उपजीविका लष्कराच्या हिशेब खात्यातल्या कारकुनीवर. वर्षानुवर्षे आकडे मांडायचे आणि उरलेल्या वेळात गायचे. १९६२च्या युद्धानंतरच्या दिवसांत बदली थेट ईशान्येच्या सरहद्दीकडे झाली. मैफलींपासून, श्रोत्यांपासून, घरापासून दूर. गायकाचे उमेदीचे वय अशा रीतीने खर्च होणे, हीसुद्धा एक हानीच. तिला तेरवी नसते आणि तिच्यासाठी कोणी भेटायला येत नाही.

वसंतरावांच्या नावाशी जो राग कायमचा जोडला गेला तो मारवा. लाहोरला असताना असद अली खाँ यांच्याकडे त्यांनी तो घेतला, आणि त्यांच्या गुरूंनी त्या मुक्कामात त्यांना हा एकच राग शिकवला, असे सांगितले जाते. मारवा सूर्यास्ताचा. त्यात पंचम नाही, रिषभ कोमल आहे, मध्यम तीव्र. पंचम नसल्यामुळे तंबोऱ्याची पहिली तार निषादावर किंवा धैवतावर लावावी लागते, आणि कानाला नेहमी मिळणारा भक्कम आधार सुरुवातीलाच काढून घेतला जातो. षड्ज म्हणजे प्रत्येक रागाचे घर. मारव्यात गायक त्या घराकडे जायचे शक्य तितका वेळ टाळतो. कोमल रिषभ आणि धैवत यांच्यावर तो रेंगाळतो, षड्जाच्या अगदी उंबरठ्याशी येतो आणि वळून निघून जातो. तंबोऱ्यात षड्ज अखंड वाजत असतो, म्हणजे घर समोर दिसत असते, पण पोचता येत नाही. ऐकणाऱ्याच्या मनात त्यामुळे जी तगमग उठते ती मावळतीच्या उजेडासारखीच असते. आणि मग केव्हातरी, बऱ्याच वेळाने, गळा षड्जावर येऊन टेकतो. त्या क्षणी काही मिटत नाही, काही परत येत नाही. फक्त श्वास पूर्ण होतो.

रागसंगीत शोकात आधार देते ते कसे, याचे उत्तर शोधायचे तर ते मारव्यासारख्या रागाच्या रचनेत सापडते. दुःखी माणसाला आनंदी गाणे ऐकवून त्याचे मन वळवावे, अशी या संगीताची रीत नाही. जे अपुरे वाटते आहे त्याला ते अपुरेच राहू देते, पण त्या अपुरेपणाला नियम देते, कोणत्या स्वरावर किती थांबायचे आणि कुठून वळायचे हे सांगते. शब्दही फार लागत नाहीत. ख्यालाची बंदिश दोन-चार ओळींची असते आणि आलापात तर एखादा आकार पुरतो. ज्याचे दुःख शब्दांत मावत नाही त्याला ही मोकळीक मोठी वाटते. मैफलीच्या शेवटी भैरवी गायची प्रथाही याच शहाणपणाची. भैरवी लागली की श्रोत्याला कळते, आता निघायचे आहे. निरोपाची तयारी सुरांतच करून दिली जाते.

वसंतरावांची नोकरी सुटली आणि १९६७ मध्ये कट्यार काळजात घुसली रंगभूमीवर आले. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर, संगीतकार जितेंद्र अभिषेकी आणि खाँसाहेब आफताब हुसेनच्या भूमिकेत वसंतराव. वयाच्या ४७ व्या वर्षी महाराष्ट्राने त्यांना खऱ्या अर्थाने उचलून धरले. या नाटकाचा विषयच गमावण्याचा आहे. दरबारातल्या स्पर्धेत पराभूत झालेल्या पंडित भानुशंकरांना राजगायकपद सोडावे लागते, आणि जिंकलेल्या खाँसाहेबालाही विद्या शिष्याच्या हाती देण्याचे भय सोडवत नाही. ज्या गायकाने अर्धे आयुष्य कचेरीत घालवले होते त्याच्या गळ्यात ही भूमिका इतकी का बसली, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. ३० जुलै १९८३ रोजी वसंतराव गेले.

वऱ्हाडातल्या वकिलांच्या आणि शिक्षकांच्या घरांत पोचलेल्या या रागसंगीताची पुढची मजल म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याचे कशाळकर कुटुंब. संगीताचे जाणकार असलेल्या वकील वडिलांकडून शिकायला सुरुवात केलेले उल्हास कशाळकर पुढे ग्वाल्हेर, जयपूर आणि आग्रा या तीन घराण्यांच्या गायकीचे श्रेष्ठ गायक झाले.

सुरेश भटांची कथा गाण्याच्या सीमेवरची. १५ एप्रिल १९३२ रोजी अमरावतीत जन्मलेल्या भटांना अडीच वर्षांच्या वयात पोलिओ झाला आणि एक पाय कायमचा दुबळा राहिला. घरात आईमुळे गाणे होते. मैदानावरचे बालपण हातचे गेले, तेव्हा पेटी हाताशी आली. त्यांची गझल आधी गळ्यात घडते आणि मग कागदावर येते, हे तिच्या लयीवरून ओळखू येते. रूपगंधा (१९६१), रंग माझा वेगळा (१९७४) आणि एल्गार (१९८३) या संग्रहांतून त्यांनी मराठीत गझल रुजवली, हृदयनाथ मंगेशकरांनी तिला रागांच्या अंगाने चाली दिल्या, आणि अमरावती जिल्ह्यातल्याच आष्टगावच्या भीमराव पांचाळे यांनी गझलगायन हे आयुष्याचे काम केले. गझलेतला प्रत्येक शेर स्वतंत्र असतो. एका शेरात विरह, दुसऱ्यात बंड, तिसऱ्यात मरणाची चाहूल, आणि सगळ्यांना बांधून ठेवणारा एकच रदीफ, म्हणजे शेवटी पुन्हा पुन्हा येणारा शब्द. विस्कटलेल्या मनाला हा आकार जवळचा वाटतो, कारण शोकातले विचारही असेच तुटक येतात आणि एकाच शब्दापाशी परततात.

रेडिओने या सगळ्याला घरात आणले. १६ जुलै १९४८ रोजी आकाशवाणीचे नागपूर केंद्र सुरू झाले आणि वऱ्हाडातल्या खेड्यांना रोजचे शास्त्रीय गायन पहिल्यांदा फुकट ऐकू आले. मात्र राष्ट्रीय नेता गेला की नेहमीचे कार्यक्रम थांबवून सारंगी, शहनाई आणि संथ आलाप लावायची आकाशवाणीची रीत होती. एका पिढीला सारंगी कानावर पडताच कोण गेले, हा प्रश्न पडे. शास्त्रीय संगीत म्हणजे सुतकाचे संगीत, असा एक समज त्यातून पसरला आणि त्याने या कलेचे नुकसान केले. जे गाणे दुःखात सोबत करते ते दुःखापुरतेच असते असे नाही. मारवा ज्या दिवशी गायला जातो त्याच दिवशी सकाळी बिलावलही गायलेला असतो.

१९९०च्या दशकाच्या अखेरीपासून वऱ्हाडावर नवी अवकळा आली ती शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची. जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी जाहीर केलेल्या ३,७५० कोटी रुपयांच्या मदतीत वऱ्हाडचे पाचही जिल्हे आणि वर्धा यांचा समावेश होता, यावरून संकटाचा आवाका कळतो. या मरणांनी भजनी मंडळांपुढे अवघड प्रश्न ठेवला. जुन्या अभंगांत मरण देवाच्या हातचे होते. इथे ते कापसाच्या भावाशी, सावकाराच्या व्याजाशी आणि न पडलेल्या पावसाशी बांधलेले होते. अकोट तालुक्यातल्या सिरसोलीचे सप्तखंजेरीवादक सत्यपाल महाराज यांच्यासारख्या प्रबोधनकारांनी कीर्तनात कर्ज, दारू आणि हुंडा हे विषय थेट घेतले, तुकडोजी-गाडगेबाबांच्या वळणावर. भजनाने कर्ज फिटत नाही, आणि तसे भासवणे हा त्या घरातल्या बाईवर अन्याय ठरेल. तिला आधी बँकेचा कागद, सातबारा आणि मुलांची फी हवी असते. पण लोक बोलायचे टाळतात, मरण कसे झाले हे कुजबुजीत सांगतात, अशा घरी भजनी मंडळ टाळ घेऊन उभे राहिले तर त्या मरणावरचा कलंक थोडा पुसला जातो. बाकीच्यांसारखेच हेही एक गेलेले माणूस आहे, एवढे गाव त्यातून मान्य करते.

तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गुरुकुंजात गेले. त्यांची पुण्यतिथी दर वर्षी आश्विन वद्य पंचमीला मोझरीला साजरी होते. अमरावती-नागपूर महामार्गाच्या कडेला लाखोंचा समुदाय जमतो, सकाळपासून खंजेरीवर भजने चालतात. दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, महाराज गेले त्या वेळी, सगळी वाद्ये थांबतात आणि माणसे जागच्या जागी हात जोडून उभी राहतात. मौन संपले की सर्व धर्मांच्या प्रार्थना एकापाठोपाठ म्हटल्या जातात.